कर्करुग्णांच्या शिरेतील दीर्घकालीन नलिका आणि जंतुसंसर्गाचा प्रतिबंध : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कर्करोगाच्या उपचारात जी प्रगती झाली, तिचे श्रेय सर्वसाधारणपणे नव्या औषधांना, किरणोपचाराला आणि शल्यचिकित्सेला दिले जाते. ते योग्यच आहे. तथापि ही औषधे महिनोन्महिने रुग्णाच्या रक्तात सुरक्षितपणे पोहोचवावयाची कशी, हा प्रश्न औषधांइतकाच महत्त्वाचा होता. या प्रश्नाचे उत्तर म्हणून मोठ्या शिरेत दीर्घकाळ ठेवता येणारी नलिका अस्तित्वात आली. रुग्णालयाच्या रोजच्या बोलीत तिला 'सेंट्रल लाईन' म्हणतात. या नलिकेमुळे हजारो रुग्णांचे उपचार शक्य झाले. पण त्याच नलिकेतून जंतूंना थेट रक्तात शिरण्याचा मार्गही मिळाला. ज्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी औषधांमुळे जवळजवळ नाहीशा झालेल्या असतात, त्याच्या बाबतीत असा संसर्ग काही तासांत प्राणघातक ठरू शकतो. कर्करोग आटोक्यात येत असतानाच रुग्ण उपचाराच्या साधनामुळे दगावणे, ही वैद्यकाच्या दृष्टीने अत्यंत क्लेशकारक घटना होय. ती पुष्कळ अंशी टाळता येण्याजोगी असल्यामुळे तिचे गांभीर्य अधिकच वाढते.

प्रस्तुत लेखात या नलिकेचा आणि तिच्यापासून होणाऱ्या संसर्गाच्या प्रतिबंधाचा इतिहास मांडला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. दीर्घकालीन शिरानलिका कोणत्या गरजेतून निर्माण झाली याचा शोध घेणे.
२. नलिकेतून होणाऱ्या संसर्गाचे शास्त्रीय आकलन कसे विकसित झाले हे पाहणे.
३. प्रतिबंधासाठी सुचविल्या गेलेल्या साधनांचे, औषधांचे व कार्यपद्धतींचे तुलनात्मक मूल्यमापन करणे.
४. भारताच्या, विशेषतः महाराष्ट्राच्या संदर्भात या इतिहासाचा अर्थ स्पष्ट करणे.

हृदयापर्यंतचा मार्ग

मोठ्या शिरेतून हृदयापर्यंत नलिका नेता येते हे मानवी शरीरावर प्रथम ठळकपणे सिद्ध केले ते जर्मनीतील वेर्नर फोर्समान या तरुण शल्यचिकित्सकाने. 1929 मध्ये एबर्सवाल्ड येथील रुग्णालयात त्याने मूत्रमार्गासाठी वापरली जाणारी नलिका स्वतःच्याच कोपराजवळील शिरेतून 65 सेंटिमीटरपर्यंत आत सरकवली आणि त्याच अवस्थेत क्ष-किरण विभागात जाऊन छायाचित्र घेतले. हृदयात नलिका शिरली तर मृत्यू अटळ आहे, ही तत्कालीन समजूत त्यामुळे खोटी ठरली. समकालीनांनी मात्र या प्रयोगाची उपेक्षाच केली. पुढे आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी अमेरिकेत हे तंत्र हृदयविकाराच्या अभ्यासासाठी विकसित केले आणि 1956 चे नोबेल पारितोषिक या तिघांना विभागून देण्यात आले.

फोर्समानचा मार्ग सर्वसामान्य उपचारात यावयास आणखी दोन गोष्टी आवश्यक होत्या. पहिली म्हणजे शिर उघडी न करता सुईने आत जाण्याची रीत. फ्रेंच शल्यचिकित्सक रॉबेर ओबानियाक यांनी 1952 मध्ये गळपट्टीच्या हाडाखालील शिरेत सुईने प्रवेश करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पाठोपाठ 1953 मध्ये स्वीडनचे स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी सुईतून लवचिक तार सोडून त्या तारेवरून नलिका सरकविण्याचे तंत्र मांडले. ते आजही जगभर वापरले जाते. दुसरी गरज होती ती शरीराला सोसेल अशा पदार्थाची. काच, धातू आणि रबर यांच्याऐवजी प्लास्टिक व त्यानंतर सिलिकॉन रबर आल्यावर नलिका शिरेत दीर्घकाळ ठेवणे शक्य झाले.

रसायनोपचार आणि नलिकेची गरज

1948 मध्ये बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन देऊन रोग तात्पुरता मागे हटविल्याचे प्रसिद्ध केले. हे औषध लेडर्ली प्रयोगशाळेत ज्या गटाने तयार केले, त्याचे नेतृत्व भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. त्यानंतरच्या दोन दशकांत अनेक औषधे एकत्रितपणे आणि चक्राकार पद्धतीने देण्याची रीत रूढ झाली. यांतील काही औषधे हाताच्या लहान शिरेबाहेर झिरपली तर आजूबाजूची त्वचा व स्नायू जाळून टाकतात. वारंवार टोचल्याने शिरा कडक होतात आणि शेवटी सापडेनाशा होतात. लहान मुलांच्या बाबतीत तर प्रत्येक सुई हा मूल, आई-वडील आणि परिचारिका या सर्वांसाठीच यातनेचा प्रसंग असे.

याच काळात रसायनोपचाराची दुसरी बाजूही स्पष्ट होत गेली. 1966 मध्ये जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र रक्तकर्करोगाच्या 52 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रक्तातील ग्रॅन्युलोसाइट या पांढऱ्या पेशींची संख्या जसजशी घटते आणि ही घट जितकी लांबते, तसतसा संसर्गाचा धोका वाढतो, हे या अभ्यासाने आकड्यांनिशी दाखविले. दीर्घकालीन नलिकेचा प्रश्न या दोन वस्तुस्थितींच्या संगमावर उभा आहे. ज्या रुग्णाला नलिकेची सर्वाधिक गरज असते, त्याचीच तिच्यातून येणाऱ्या जंतूंशी लढण्याची शक्ती सर्वांत कमी असते.

सिएटलची नलिका आणि त्वचेखालील पोर्ट

दीर्घकालीन नलिकेचा उगम कर्करोगाच्या विभागात झाला नाही. आतडे निकामी झालेल्या रुग्णांना केवळ शिरेवाटे संपूर्ण पोषण देता येते, हे स्टॅन्ले डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फिया येथे 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध केले. साखर, प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांनी युक्त असे हे द्रावण जंतू व बुरशी यांच्या वाढीसही पोषक असते. परिणामी 1970 च्या दशकाच्या आरंभी अशा रुग्णांत रक्तातील संसर्गाचे, विशेषतः कॅन्डिडा या बुरशीच्या संसर्गाचे, अनेक अनुभव नोंदले गेले. काही रुग्णालयांनी नलिकेची निगा प्रशिक्षित परिचारिकांच्या विशिष्ट गटाकडे सोपविली आणि तेथे संसर्गाचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. निगा कोण राखतो यावर संसर्ग अवलंबून असतो, हा धडा त्या वेळीच मिळालेला होता. तो सर्वत्र गिरविला जाण्यास मात्र पुढील तीन दशके लागली.

सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिबनर यांनी 1960 मध्ये मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांसाठी टेफ्लॉनची रक्तवाहिनी-जोडणी तयार केली होती. त्याच परंपरेत 1973 मध्ये ब्रोवियाक, कोल आणि स्क्रिबनर यांनी सिलिकॉन रबराची नलिका प्रसिद्ध केली. ती छातीवरील त्वचेखालून काही अंतर बोगद्यासारखी नेऊन मग शिरेत सोडली जाई. नलिकेच्या त्वचेखालील भागावर डॅक्रॉन धाग्याची एक पट्टी असे. काही आठवड्यांत आजूबाजूच्या ऊती या पट्टीत वाढून नलिका घट्ट धरून ठेवत. त्यामुळे त्वचेवरील जंतूंना नलिकेच्या बाहेरील बाजूने आत सरकण्यास अडथळा निर्माण होई. म्हणजेच संसर्गाचा प्रतिबंध हा या नलिकेच्या रचनेचाच एक भाग होता.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णांना औषधे, रक्त, पोषण आणि वारंवार रक्ततपासणी या सर्वांसाठी अधिक रुंद मार्गाची आवश्यकता होती. ब्रोवियाक नलिकेचा आतील व्यास 1.0 मिलिमीटर होता. रॉबर्ट हिकमन यांनी तो 1.6 मिलिमीटरपर्यंत वाढविला आणि 1979 मध्ये ही सुधारित नलिका प्रसिद्ध केली. आज जगभरच्या कर्करोग रुग्णालयांत 'हिकमन' हे नाव सर्वसामान्य नामासारखे वापरले जाते.

तरीही नलिकेचे एक टोक शरीराबाहेर राहतच होते. 1982 मध्ये जॉन नीडरह्युबर आणि सहकाऱ्यांनी नलिकेसह संपूर्ण साधन त्वचेखाली बसविण्याची पद्धत मांडली. यालाच आपल्याकडे 'पोर्ट' अथवा 'केमोपोर्ट' म्हणतात. औषध देताना विशिष्ट धारेची सुई त्वचेतून पोर्टच्या पडद्यात टोचली जाते. उपचार नसताना बाहेर काहीच राहत नाही, त्यामुळे रुग्णाला स्नान करता येते व नेहमीचे जीवन जगता येते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग केंद्रातील जेफ्री ग्रोगर आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये 1630 साधनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दर 1000 साधन-दिवसांमागे बाह्य टोक असलेल्या नलिकांत 2.77, तर पोर्टमध्ये 0.21 संसर्ग आढळले. कोणत्या रुग्णाला कोणते साधन द्यावयाचे हे त्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून ठरविलेले नव्हते, त्यामुळे अधिक आजारी रुग्णांना नलिका मिळाल्या असण्याची शक्यता लक्षात घ्यावयास हवी. तरीही दिशा स्पष्ट होती.

जंतू कोठून येतात?

प्रतिबंधासाठी जंतूंचा मार्ग कळणे आवश्यक असते. 1970-71 मध्ये अमेरिकेत शिरेतून द्यावयाच्या द्रवांच्या बाटल्यांची झाकणेच दूषित असल्याने रक्तातील संसर्गाची देशव्यापी साथ उद्भवली. या घटनेने द्रव दूषित असू शकतो हे अधोरेखित केले. परंतु द्रव शुद्ध असतानाही संसर्ग होतच होते. त्यांचा उगम शोधण्यासाठी डेनिस माकी आणि सहकाऱ्यांनी 1977 मध्ये एक सोपी पद्धत मांडली. काढलेल्या नलिकेचा तुकडा जंतुवर्धक पोषकाच्या बशीवर लोळवावयाचा आणि उगवलेल्या वसाहती मोजावयाच्या. 15 किंवा अधिक वसाहती आढळल्यास ते नलिकेच्या संसर्गाचे लक्षण मानले गेले. या पद्धतीमुळे 'नलिकेचा संसर्ग' ही अंदाजाची बाब न राहता मोजण्याची बाब झाली. नलिकेचा बाह्य पृष्ठभाग तपासणे ही या पद्धतीची मर्यादा पुढे लक्षात आली.

दरम्यान विल्यम कॉस्टर्टन यांनी 1978 च्या सुमारास जंतू पृष्ठभागाला चिकटून स्वतःभोवती चिकट आवरण निर्माण करतात आणि समूहाने राहतात, ही कल्पना मांडली. याला जैवपटल असे म्हणता येईल. नलिकेच्या आत असा थर जमल्यावर रक्तात फिरणारी प्रतिजैविके त्यातील जंतूंचा पुरता नाश करू शकत नाहीत. औषध सुरू असेपर्यंत ताप उतरतो आणि औषध थांबताच पुन्हा चढतो, या नेहमीच्या अनुभवाचा उलगडा या संकल्पनेमुळे झाला.

ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील इसाम राद आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने महत्त्वाचा भेद दाखवून दिला. दहा दिवसांहून कमी काळ ठेवलेल्या नलिकांवर जंतूंचा थर प्रामुख्याने बाहेरच्या बाजूस असतो; तर तीस दिवसांहून अधिक काळ ठेवलेल्या नलिकांत तो मुख्यतः आतल्या पोकळीत असतो. याचा अर्थ असा की, अल्पकालीन नलिकेत जंतू बहुधा रुग्णाच्या त्वचेवरून येतात आणि दीर्घकालीन नलिकेत ते नलिका जोडण्या-काढण्याच्या तोंडातून, म्हणजेच हाताळणाऱ्याच्या हातांमार्फत येतात. कर्करुग्णांच्या दृष्टीने हा निष्कर्ष कळीचा आहे. नलिका बसविण्याचा प्रसंग एकदाच येतो, पण तिचे तोंड शेकडो वेळा उघडले जाते.

त्वचा, अडथळे आणि औषधयुक्त नलिका

प्रतिबंधाच्या उपायांचा पहिला टप्पा नलिका बसविण्याच्या क्षणाशी संबंधित होता. क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक ब्रिटनमध्ये 1954 मध्ये प्रसिद्धीस आले. हिवतापावरील औषधांच्या संशोधनाशी त्याचे नाते आहे. 1991 मध्ये माकी आणि सहकाऱ्यांनी 668 नलिकांच्या अभ्यासात तीन जंतुनाशकांची तुलना केली. दर 100 नलिकांमागे स्थानिक संसर्गाचे प्रमाण 2 टक्के क्लोरहेक्सिडिन वापरल्यास 2.3, अल्कोहोल वापरल्यास 7.1 आणि पोव्हिडोन-आयोडिन वापरल्यास 9.3 असे आढळले. शल्यचिकित्सेत पिढ्यान्पिढ्या विश्वासाने वापरल्या गेलेल्या आयोडिनचे स्थान यामुळे बदलले.

1994 मध्ये राद यांच्याच गटाने कर्करुग्णांवर आणखी एक प्रयोग केला. एका गटात नलिका बसविताना टोपी, मुखपट्टी, निर्जंतुक अंगरखा, हातमोजे आणि रुग्णाचे सर्व शरीर झाकणारी मोठी निर्जंतुक चादर वापरली गेली. दुसऱ्या गटात केवळ निर्जंतुक हातमोजे व लहान चादर होती. पहिल्या गटातील 176 रुग्णांत 4 आणि दुसऱ्या गटातील 167 रुग्णांत 12 संसर्ग झाले. नवे यंत्र किंवा नवे औषध न आणता केवळ कापड आणि काळजी यांमुळे हा फरक पडला होता.

दुसरा प्रयत्न नलिकेलाच औषधयुक्त करण्याचा होता. मिनोसायक्लिन व रिफॅम्पिन ही प्रतिजैविके बसविलेल्या नलिकांचा अभ्यास राबिह दरूइश आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केला. कर्करुग्णांतील दीर्घकालीन सिलिकॉन नलिकांविषयीचा अभ्यास हेंड हॅना आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये मांडला. त्यातील 356 नलिकांपैकी औषधयुक्त नलिकांत 3 आणि साध्या नलिकांत 14 रक्तसंसर्ग झाले. परिणाम नि:संशय प्रभावी होता. मात्र अशा नलिकांची किंमत अधिक असते आणि प्रतिजैविकांना जंतू सरावण्याची शंकाही कायम राहते.

प्रतिजैविकांचा मोह आणि त्याच्या मर्यादा

नलिकेच्या संसर्गास त्वचेवरील स्टॅफिलोकॉकस गटाचे जंतू मोठ्या प्रमाणात कारणीभूत असल्याने, नलिका बसविण्यापूर्वीच व्हॅन्कोमायसिनसारखे प्रतिजैविक द्यावे अशी कल्पना स्वाभाविकपणे पुढे आली. दुसरी कल्पना अशी की, नलिका वापरात नसताना तिच्या पोकळीत हेपॅरिनबरोबर प्रतिजैविकाचे द्रावण भरून ठेवावे. यास 'अँटिबायोटिक लॉक' म्हणतात. हे तंत्र 1988 मध्ये मेसिंग आणि सहकाऱ्यांनी शिरेवाटे पोषण घेणाऱ्या रुग्णांत संसर्गाच्या उपचारासाठी मांडले होते. पुढे ते प्रतिबंधासाठीही वापरले जाऊ लागले.

नेमक्या याच काळात व्हॅन्कोमायसिनला दाद न देणारे एन्टेरोकॉकस जंतू 1988 मध्ये युरोपात नोंदले गेले आणि अमेरिकेतील रुग्णालयांतही पसरले. 1995 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या सल्लागार समितीने नलिकेच्या संसर्गाच्या प्रतिबंधासाठी व्हॅन्कोमायसिन सरसकट वापरू नये, असे स्पष्ट केले. एका रुग्णाचे तात्कालिक हित आणि उद्याच्या सर्व रुग्णांचे हित यांच्यातील हा संघर्ष होता.

या विषयावरील प्रयोगांचा पद्धतशीर आढावा कोक्रेन संस्थेच्या वतीने 2003 पासून घेतला जात आहे. 2013 च्या आवृत्तीत 11 प्रयोग व 828 रुग्ण यांचा समावेश होता. नलिका बसविण्यापूर्वी प्रतिजैविक दिल्याने लाभ होत असल्याचा पुरावा आढळला नाही. नलिकेत प्रतिजैविक व हेपॅरिन भरून ठेवल्याने ग्रॅम-धन जंतूंचे संसर्ग कमी होतात असे दिसले. परंतु प्रतिरोधाचा धोका लक्षात घेता हा उपाय अधिक जोखमीच्या रुग्णांपुरताच राखून ठेवावा, असा अभिप्राय देण्यात आला. अमेरिकेच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनांतही, सर्व काळजी घेऊनही वारंवार संसर्ग होणाऱ्या रुग्णांसाठीच हा उपाय सुचविलेला आहे.

प्रत्येक आश्वासक उपाय कसोटीला उतरतोच असेही नाही. अतिदक्षता विभागात उपयोगी ठरलेले क्लोरहेक्सिडिनने अंग पुसण्याचे तंत्र कर्करोग झालेल्या मुलांत तपासले गेले. त्याचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा लाभ दिसून आला नाही. एका विभागातील यश दुसऱ्या विभागात तसेच्या तसे उतरेल असे गृहीत धरता येत नाही, हे यावरून लक्षात येते.

साधनांकडून शिस्तीकडे

विसाव्या शतकाच्या अखेरीस काय करावे हे बऱ्याच अंशी ज्ञात होते. ते प्रत्येक वेळी केले जात नव्हते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी या उणिवेवर बोट ठेवले. नलिका बसविण्याचे सर्व साहित्य एका गाड्यावर एकत्र ठेवण्यात आले, करावयाच्या कृतींची तपासणी-यादी बनविण्यात आली आणि डॉक्टरने एखादी पायरी गाळल्यास त्याला थांबविण्याचा अधिकार परिचारिकेला देण्यात आला. तेथील एका शल्य अतिदक्षता विभागात 1998 च्या पहिल्या तिमाहीत दर 1000 नलिका-दिवसांमागे 11.3 असलेले रक्तसंसर्गाचे प्रमाण 2002 च्या अखेरच्या तिमाहीत शून्यावर आले.

हीच पद्धत मिशिगन राज्यातील 103 अतिदक्षता विभागांत राबविण्यात आली. हात धुणे, पूर्ण निर्जंतुक आवरणे, क्लोरहेक्सिडिन, जांघेतील शिर शक्यतो टाळणे आणि अनावश्यक नलिका त्वरित काढणे, अशा पाच साध्या गोष्टींवर भर होता. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार संसर्गाचे सरासरी प्रमाण 7.7 वरून अठरा महिन्यांत 1.4 पर्यंत खाली आले. 1847 मध्ये व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुण्यास सांगितले तेव्हा त्यांना विरोध सहन करावा लागला होता. दीडशे वर्षांनंतरही प्रश्नाचा गाभा फारसा बदललेला नव्हता. श्रेणीने कनिष्ठ असलेल्या व्यक्तीने वरिष्ठाला त्याची चूक दाखविणे आणि वरिष्ठाने ती मान्य करणे, यावर रुग्णाचा जीव अवलंबून होता.

येथे एक मर्यादा नमूद करणे आवश्यक आहे. मिशिगनचा प्रयोग अतिदक्षता विभागातील अल्पकालीन नलिकांचा होता. दीर्घकालीन नलिकेत जंतू तोंडातून शिरतात, हे वर पाहिलेच आहे. त्यामुळे तेथे रोजच्या निगेला अधिक महत्त्व येते. अमेरिकेतील 29 बाल अतिदक्षता विभागांच्या 2010 च्या अहवालात, नलिका बसविण्याच्या नियमांपेक्षा तिच्या निगेच्या नियमांचे पालन हाच संसर्ग घटण्याशी निगडित घटक असल्याचे आढळले. 2014 मध्ये 32 रुग्णालयांच्या बाल कर्करोग विभागांतील सामूहिक प्रयत्नांचा अहवाल आला. त्यात निगेच्या शिस्तीनंतर संसर्गाचे प्रमाण 28 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. अतिदक्षता विभागांतील घटीच्या तुलनेत ही घट कमी आहे. याचे एक कारण असे की, कर्करुग्णाच्या रक्तात आढळणारा प्रत्येक जंतू नलिकेतून आलेला नसतो. रसायनोपचाराने तोंडाचे व आतड्याचे अस्तर सोलवटले की तेथील जंतू आतूनच रक्तात उतरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदणीत 2013 पासून अशा संसर्गांसाठी स्वतंत्र वर्ग करण्यात आला. प्रतिबंधाची मर्यादा प्रामाणिकपणे मान्य करणारी ही सुधारणा होय.

महाराष्ट्र आणि भारताचा संदर्भ

मुंबईतील परळ येथे 1941 मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. 1962 पासून ते भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण 1983 मध्ये याच रुग्णालयात झाले. म्हणजे हिकमन यांची नलिका प्रसिद्ध झाल्यानंतर अवघ्या चार वर्षांत, ज्या उपचारासाठी ती तयार झाली तो उपचार मुंबईत सुरू झाला होता.

परंतु परदेशातील अनुभव येथे लागू करताना काही भेद ध्यानात घ्यावे लागतात. पहिला भेद जंतूंचा. पाश्चात्त्य देशांत ग्रॅम-धन जंतूंचे प्राबल्य गृहीत धरून बरेच प्रतिबंधक उपाय आखले गेले. भारतीय कर्करोग रुग्णालयांतील अभ्यासांत मात्र ग्रॅम-ऋण जंतूंचे प्रमाण अधिक आढळते आणि त्यांतील अनेक जंतू उच्च प्रतीच्या प्रतिजैविकांनाही दाद देत नाहीत. त्यामुळे व्हॅन्कोमायसिनवर आधारलेला प्रतिबंध येथे मुळातच अपुरा ठरतो. दूषित पाणी, अनेक रुग्णांसाठी वापरली जाणारी एकच औषधाची बाटली, अपुरी हातस्वच्छता या गोष्टींकडे येथे आधी पाहावे लागते.

दुसरा भेद मोजणीचा. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सात भारतीय शहरांतील अतिदक्षता विभागांच्या अभ्यासात दर 1000 नलिका-दिवसांमागे 7.92 रक्तसंसर्ग नोंदले गेले. हा आकडा मिशिगनच्या आरंभीच्या सरासरीजवळचा आहे. म्हणजे आरंभबिंदू सारखाच होता. पुढचा प्रवास मोजणी व शिस्त यांवर अवलंबून होता. त्यानंतरच्या काळात भारतात रुग्णालयीन संसर्गांच्या नोंदणीचे देशव्यापी जाळे उभे राहिले आणि जानेवारी 2020 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने संसर्ग-प्रतिबंधाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. तथापि या मोजणीचा भर मुख्यतः अतिदक्षता विभागांवर राहिला. दीर्घकालीन नलिका घेऊन घरी जाणारा कर्करुग्ण त्यात सहजी येत नाही.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा भेद सामाजिक आहे. विदर्भ, मराठवाडा, खानदेश येथून, तसेच परराज्यांतून मुंबईत आलेला रुग्ण उपचारांच्या दोन फेऱ्यांमधील काळ नातेवाइकांच्या खोलीत अथवा दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या आश्रयस्थानी काढतो. हातातील शिरेतून घातलेल्या लांब नलिकेची पट्टी साधारणपणे दर आठवड्यास बदलावी लागते. पोर्टला अशी रोजची निगा लागत नाही, पण त्याची किंमत अधिक असते आणि तो बसविण्यासाठी लहान शस्त्रक्रिया करावी लागते. ब्रिटनमधील 1061 रुग्णांच्या प्रयोगाचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पोर्ट असलेल्यांत 29 टक्के, तर हिकमन नलिका असलेल्यांत 43 टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली. पोर्ट व हाताच्या शिरेतील नलिका यांच्या तुलनेत हे प्रमाण अनुक्रमे 32 व 47 टक्के होते. जो रुग्ण स्वच्छ पाणी, स्वतंत्र खोली आणि जवळचे प्रशिक्षित हात यांपासून सर्वांत दूर आहे, त्यालाच कमी निगेच्या साधनाची सर्वाधिक गरज आहे. पण पैशाअभावी त्याच्याच वाट्याला अधिक निगेची नलिका येण्याची शक्यता असते. साधनाची निवड केवळ वैद्यकीय न राहता येथे सामाजिक न्यायाचा प्रश्न बनते.

अशा परिस्थितीत नलिकेची निगा प्रत्यक्षात रुग्णाची आई, पत्नी किंवा भाऊ यांच्याकडे येते. हात साबणाने धुणे, पट्टी ओली न होऊ देणे, नलिकेच्या तोंडास विनाकारण हात न लावणे आणि थंडी वाजून ताप आल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठणे, या गोष्टी त्यांच्या भाषेत समजावून सांगणे हा प्रतिबंधाचा अविभाज्य भाग मानला पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णालयातील परिचारिकांना नलिका हाताळण्याचे प्रशिक्षण मिळाले, तर पट्टी बदलण्यासाठी मुंबईपर्यंतचा प्रवासही टळू शकेल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. दीर्घकालीन शिरानलिका ही पोषणोपचार, मूत्रपिंडरोग आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण या शाखांतील गरजांच्या संयोगातून निर्माण झाली व कर्करोगाच्या उपचाराचा आधार बनली.

२. दीर्घकालीन नलिकेत जंतूंचा मुख्य मार्ग तिच्या हाताळणीतून जातो. त्यामुळे ती बसविण्यातील दक्षतेबरोबरच तिची दैनंदिन निगा प्रतिबंधाच्या केंद्रस्थानी असावयास हवी.

३. प्रतिजैविकांवर आधारलेला प्रतिबंध मर्यादित रुग्णांतच समर्थनीय आहे. त्याचा सरसकट वापर प्रतिरोधाच्या रूपाने पुढील रुग्णांवर भार टाकतो.

४. सर्वाधिक परिणामकारक ठरलेले अनेक उपाय अल्पखर्चाचे आहेत. त्यांच्यासाठी मोजणी, सातत्य आणि परिचारिकेचा शब्द मानणारी कार्यसंस्कृती यांची आवश्यकता आहे.

५. भारतात साधनाची निवड व निगेची व्यवस्था रुग्णाच्या राहणीमानाचा विचार करूनच ठरविणे इष्ट आहे आणि संसर्गाची मोजणी अतिदक्षता विभागाबाहेरील कर्करुग्णांपर्यंत नेणे गरजेचे आहे.

फोर्समानने 1929 मध्ये जो मार्ग उघडला, त्याने वैद्यकाला रुग्णाच्या हृदयापर्यंत पोहोचविले. त्या मार्गावर पहारा देण्याचे काम मात्र दररोज, प्रत्येक रुग्णाजवळ, नव्याने करावे लागते. ते काम बहुतांशी परिचारिका आणि रुग्णाचे नातेवाईक करीत असतात. कर्करोगावरील विजयाचा इतिहास लिहिताना त्यांच्या धुतलेल्या हातांची नोंद घेतल्याशिवाय तो पूर्ण होणार नाही.